नारायण पेठेत जेवायला जाताय? आधी साल सांगा

पाकीट घरीच ठेवा. तुम्ही ज्या श्रावणात उतरणार आहात तो १७९० सालचा आहे. त्या श्रावणात नारायण पेठेत पैसे मोजून जेवायचं म्हणाल तर संध्याकाळपर्यंत उपाशी फिराल. बाजारात फुटाणे मिळतील, चिरमुरे मिळतील, हलवायाकडे पेढे मिळतील. पण ताटभर जेवण विकत मिळणार नाही. वरण-भात ही दुकानात मांडायची वस्तू आहे, हे अजून या बोळांना ठाऊक नाही.

मुठेवरच्या लाकडी पुलावरून शहरात शिरा. पूल खरोखरच लाकडाचा आहे, पानिपतानंतर बांधलेला. पलीकडे उतरून डावीकडे वळलात की पेठ सुरू होते. पेठेला ज्याचं नाव आहे तो नारायणराव पेशवा ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारला गेला. त्याला सतरा वर्षं झाली, तरी लोक तो विषय हलक्या आवाजातच बोलतात, म्हणून पंगतीत तो काढू नका. आता गादीवर सवाई माधवराव आहे आणि कारभार नाना फडणविसांचा.

मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाड्यांच्या भिंती, गोवऱ्यांचा धूर. त्या धुरातून हिंगाच्या फोडणीचा वास येतो आणि तुमची पावलं आपोआप एका दिंडी दरवाजापाशी थांबतात. ओट्यावरचा माणूस तुमच्याकडे पाहून विचारतो, "आपण कोठील? गोत्र कोणते?"

इथे मी तुमच्यासाठी थोडी लबाडी करून ठेवली आहे. तुमच्या अंगावर धोतर-उपरणं आहे, गळ्यात जानवं आहे, डोक्याला शेंडी आहे आणि तोंडात एक पाठ केलेलं गोत्र आहे. कोकणातून श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलो, असं सांगा. ते पुरेल. पेशव्यांची दक्षिणा घ्यायला या महिन्यात लांबलांबचे ब्राह्मण पुण्यात येतात, त्यात एखादा बावरलेला चेहरा खपून जातो. ही लबाडी केली नसती तर काय झालं असतं, तेही सांगून ठेवतो. कुणब्याच्या वेशात आला असता तर फार तर पडवीत पत्रावळ मिळाली असती. आणि ज्यांना शिवायचं नाही असं ठरवलं होतं त्यांच्या घरी जन्मला असता, तर या वेळी या बोळात उभं राहणंच तुम्हाला महाग पडलं असतं. जेवणाचा प्रश्न फार पुढचा.

आडावर पाय धुवा. मुकटा नेसायला देतील, तो निमूट नेसा. चौकात पाटांची रांग लागली आहे, पाटाभोवती रांगोळी, पुढ्यात केळीचं पान. आधी डाव्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोड येते, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या बाजूला भाज्या. अळूची पातळ भाजी आहे. अळू याच वाड्यातल्या आडाच्या सांडपाण्यावर पोसलेला, त्यात हरभऱ्याची डाळ आणि मुळा. पडवळाची दुसरी भाजी, पंचामृत, तळलेली कुरडई. मधोमध भाताची मूद, त्यावर पिवळं वरण, त्यावर तूप. तूप वाढणारा हात थांबत नाही आणि तुम्ही "पुरे" म्हणालात तरी तो ऐकत नाही. ते न ऐकणं हा शिष्टाचाराचाच भाग आहे. चित्राहुती घाला, आपोशन घ्या, यजमानांचा हात पानाला लागेपर्यंत थांबा. मग सुरुवात.

पुरणपोळी गुळाची. सोबत कटाची आमटी, चिंच-गुळाची, काळ्या मसाल्याची. मिरची आहे, त्यामुळे जीभ रिकामी राहणार नाही. पण बटाट्याची भाजी शोधू नका, टोमॅटोचं सार मागू नका. उद्या सोमवार, उपास. उद्या साबुदाण्याची खिचडी मिळेल या आशेवर राहू नका. वरीचे तांदूळ किंवा शिंगाड्याचं काहीतरी मिळेल. आज पुणेरी म्हणून जे पदार्थ आपण छातीठोक सांगतो, त्यातले निम्मे या पुण्यात अजून आलेलेच नाहीत. त्यांच्याविना हे जेवण कुठेही अपुरं वाटत नाही, हे मात्र मला कबूल करावं लागतं. ताक-भातापर्यंत पोचाल तेव्हा तुम्हाला बसल्या जागेवरून उठवत नाही.

तुम्ही बाई असाल तर हे सगळं उलट्या बाजूनं दिसेल. पहाटेपासून सोवळ्यात चुलीपाशी, मग वाढायला, मग खरकटं काढायला, आणि पुरुषांच्या पंगती उठल्यावर माजघरात उरलंसुरलं. त्या दिवशीची आमटी कशी झाली होती हे ज्यांनी ती केली त्यांना सर्वात शेवटी कळायचं.

प्यायचं म्हणाल तर पाणी आणि ताक. कात्रजच्या तलावातून नळ घालून नानासाहेब पेशव्यांनी पुण्यात पाणी आणलं, ठिकठिकाणी हौद बांधले गेले. पेठेतल्या वाड्यांना त्याशिवाय आपापले आड आहेत. तिथेही कोणाचा दोर कोणाच्या दोराला लागायचा याचे नियम आहेतच. चहाची तलफ आली असेल तर मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील मॅलेट राहतो, त्याच्याकडे जावं लागेल. आणि तिथे चहा प्यायल्यावर इकडे परत जेवायला बसवणार नाहीत.

तोफेच्या आत मुक्कामाला पोचा. घाशीराम कोतवालाची माणसं रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसेल त्याला धरतात. वाटेतल्या बागेतलं फळ तर मुळीच तोडू नका. पुढच्याच श्रावणात, १७९१ मध्ये, दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांवर कोतवालाच्या बागेतली फळं-कणसं तोडल्याचा आळ येईल, त्यांना कोंडून घातलं जाईल, बरेचजण गुदमरून मरतील आणि खवळलेलं शहर घाशीरामाला दगडांनी ठेचून मारेल. पुण्याच्या इतिहासातली ही भयंकर गोष्ट भुकेपासून सुरू होते, हे नाटकांच्या झगमगाटात विसरायला होतं.

एवढं ऐकून नारायण पेठ म्हणजे नुसतं तूप-वरण असा समज झाला असेल तर जरा नदीच्या अंगाला या, वास घ्या. जिथे आज मोदी गणपती आहे तिथे एके काळी सुक्या बोंबलांचा बाजार भरायचा, म्हणून त्याला बोंबल्या गणपती म्हणत, असं जुने लोक सांगतात. खुश्रूशेट मोदी हा पारशी गृहस्थ आणि त्याची बाग ही पुढची गोष्ट. शहरात फिरलात तर तुळशीबागेजवळ जिलब्या मारुती भेटेल, एक भांग्या मारुतीही आहे. खाण्यापिण्याच्या जागांच्या पाट्या लावायची चाल नव्हती तेव्हा पुणेकरांनी ते काम देवांकडून करून घेतलं.

आता एकदम १८६८ मध्ये उतरा. नारायण पेठेत या सालात तुमच्यासाठी विशेष काही नाही; पूर्वेकडे चालत गंज पेठेत जा. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला आहे. ओंजळ भरा, प्या. पाण्याला काही वेगळी चव नाही. पण मघाशी ज्या वेशात मी तुम्हाला पंगतीला बसवलं त्या वेशातला माणूस या हौदावर येणार नाही, आणि ज्याला मी बोळाबाहेर ठेवलं तो इथे बिनदिक्कत वाकून पाणी पितो आहे. शहरात काय कुठे मिळतं याची कुठलीही यादी करायची झाली तर तिच्यात हा हौद वरच्या जागी हवा.

पुढचा मुक्काम १८८० नंतरचा. रेल्वे १८५८ लाच आली आहे. १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. कोकणातून, देशावरून पोरं येतायत आणि त्यांना दोन वेळा भूक लागते. तुम्ही आता चौदा वर्षांचे आहात, खिशात काही नाही. एका ओळखीच्या ओळखीनं वार लावून दिले आहेत: सोमवारी या वाड्यात, मंगळवारी त्या वाड्यात. सात घरं म्हणजे सात प्रकारच्या आमट्या आणि सात प्रकारची तोंडं. एका घरी मावशी पोळीवर गुपचूप तूप सोडते. दुसऱ्या घरी तुम्ही तिसरी पोळी घेतलीत की गृहस्थ खाकरतात. गुरुवारचं घर सुतकात गेलं की तुमचा गुरुवार कोरडा. ज्यांना सात घरंही जमली नाहीत ती पोरं झोळी घेऊन माधुकरीला निघतात. ही चाल इतकी मुरलेली, की १९०९ मध्ये निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या मुलांनीही पुढे पेठांमध्ये माधुकरी मागितली.

वारावर वाढलेल्या लोकांच्या आठवणींचं पुढे मराठीत मोठं कौतुक झालं: गरिबी, विद्या, कृतज्ञता. त्या कौतुकात मला एक खोच नेहमी दिसते. वार मिळायला जात लागायची. तेवढीच भूक लागलेल्या दुसऱ्या मुलाला त्याच बोळात कुणी सोमवार दिला नसता.

ऑक्टोबर १८९० मध्ये एक संध्याकाळ काढा. पंच हौद मिशनमध्ये व्याख्यान आहे. व्यवस्था गोपाळराव जोशांची, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, माणूस तऱ्हेवाईक. सभेला न्यायमूर्ती रानडे आहेत, टिळक आहेत, पुण्यातली बरीच बडी मंडळी आहेत. व्याख्यान संपतं आणि समोर चहाचे कप आणि बिस्किटं येतात. आता तुमचा कस लागतो. कोणी घेतो आणि पितो. कोणी ओठाला लावल्यासारखं करतो. कोणी कप हातात घेऊन यजमानांचा मान राखतो आणि हळूच बाजूला ठेवतो. तुम्ही काय केलंत ते मला सांगू नका, कारण पुढे ते 'पुणे वैभव' पत्रात छापून येणार आहे. गोपाळरावांनीच नावं फोडली. मग गदारोळ, शंकराचार्यांकडे फिर्याद, चौकशी, बहिष्कार, लग्नं-श्राद्धं अडलेली घरं. टिळकांनी आणि रानड्यांनी आपापल्या वाटेनं प्रायश्चित्तं घेतली आणि दोन्हीकडच्यांच्या शिव्या खाल्ल्या. एका कपभर चहावर मराठी पत्रांनी किती शाई सांडली, याचा हिशेब लावायला गेलात तर तो चहा फारच महाग पडला असं दिसेल.

१८९७ मध्ये थांबू नका. प्लेग आहे, रँडसाहेबाचे सोजीर घराघरांत शिरून स्वयंपाकघरं आणि देवघरं तपासतायत, आणि ज्यांना शक्य आहे ते गाव सोडून निघालेत. १९०८ च्या उन्हाळ्यात मात्र गायकवाड वाड्यावरून एक चक्कर मारा. टिळकांनी १९०५ मध्ये तो घेतला, 'केसरी' इथूनच निघतो, म्हणून पुढे तो केसरीवाडा. टिळकांचे स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरवतायत, तेव्हा प्यायचा बेत असेल तर बदला. वाड्यात सुपारी मात्र मिळेल, टिळक स्वतः सतत खातात.

आणि मग, १९२० चं दशक सरता सरता, चहा शेवटी पेठेत पायी चालत येतो. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पुण्यात अमृततुल्य काढली. पितळी स्टोव्ह, त्यावर लखलखीत पितळी पातेलं, त्यात दूध आणि पाणी एकत्रच उकळतंय. आलं आणि वेलदोडा खलबत्त्यात ठेचल्याचा आवाज. मालक पळीनं चहा वर उचलतो, पुन्हा पातेल्यात सोडतो, मग फडक्यातून गाळतो आणि हात जराही न हलवता कपात धार लावतो. दुकानांची नावं बहुतेक शंकराची, कुठलासा ईश्वर आणि पुढे अमृततुल्य. माझा आपला एक अंदाज: १८९० ला ज्या पेठेत चहानं एवढं रामायण घडवलं तिथे तो चाळीस वर्षांत राजरोस शिरला, याला साखरेइतकंच करणाऱ्याचं जानवंही कारणीभूत असावं. ब्राह्मणाच्या हातचा म्हणून पहिला घोट उतरला. दुसऱ्या घोटानंतर हात कुणाचा हे कुणी पाहिलं नाही.

तुम्ही बाकावर बसा. बशीत ओता, फुंका, प्या. शेजारी छापखान्यातला जुळारी बसला आहे, बोटांना शाई. पलीकडे वकिलाचा कारकून. कोणी कोणाला गोत्र विचारत नाही. बायका मात्र इथे नाहीत. त्या हॉटेलात आल्याच तर पडद्याआडच्या फॅमिली रूममध्ये, तेही नवरा किंवा भाऊ सोबत असेल तर आणि तेही सिनेमाच्या दिवशी.

जेवण आता विकत मिळू लागलं आहे. पण खानावळीच्या दारावरची पाटी नीट वाचा. 'ब्राह्मणांची खानावळ' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. आत जाऊन पाहा: महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले मेंबर, पाटांऐवजी काही ठिकाणी आता टेबलं, आणि मुदपाकखान्यात बऱ्याचदा एखादी विधवा बाई. नवरा गेला, दीर विचारीनात, हाताला चव होती, म्हणून चार मुलांना जेवायला घालता घालता खानावळ झाली, अशी पेठेतल्या कितीतरी चुलींची कथा आहे. त्या बायकांची नावं कुठल्या रस्त्याला लागली नाहीत. १९३५ मध्ये लक्ष्मी रोडला मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांनी पूना गेस्ट हाऊस काढलं. तिथे नाटक-सिनेमावाल्यांची ऊठबस. नारायण पेठेतून चालत पाच-दहा मिनिटं. दुपारी गेलात तर गप्पा फुकट ऐकायला मिळतील.

२६ जानेवारी १९५०. या दिवशी सकाळी लवकर उठा. आजपासून भारताच्या राज्यघटनेचं पंधरावं कलम लागू आहे. त्यात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि विहिरी-तलावांचाही: धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही. घटनाकारांना उपाहारगृह शब्द कायद्यात घालावा लागला, यावरूनच मागच्या दीडशे वर्षांत तुम्ही काय काय पाहिलंत ते लक्षात येईल. पाट्या एका दिवसात उतरल्या असं समजू नका. काही रंगवून झाकल्या, काही कोनाड्यात गेल्या, काही माणसांच्या कपाळावर राहिल्या. तरीही आज सकाळी तुम्ही कुठल्याही दारातून आत जाऊ शकता, आणि हे तुम्हाला कागद दाखवून सांगता येतं.

पुणेरी दुकानदारावर आपण एवढे विनोद करतो, पण त्याची बाजू मला इथे मांडायची आहे. पन्नाशीतल्या नारायण पेठेत एखाद्या उपाहारगृहात शिरा. गल्ल्यावरचे गृहस्थ चष्म्यावरून बघतात. "काय?" एवढंच. नमस्कार नाही, या-बसा नाही, पाणी तुम्ही मागाल तेव्हा. भिंतीवर सूचना: सुटे पैसे द्यावेत, उगाच बसून राहू नये. तुम्हाला अपमान झाल्यासारखं वाटतं. पण ओट्यावरचा तो मायाळू आवाज आठवा, ज्यानं तुम्हाला इतक्या आदरानं गोत्र विचारलं होतं. या माणसाला तुमचं गोत्र नको, गाव नको, आडनाव नको. त्याला तुम्ही कोण आहात यात काडीचा रस नाही, आणि बशी मात्र तो सगळ्यांपुढे सारख्याच जोरानं आपटतो. आगतस्वागत गेलं आणि सोबत चौकशीही गेली. मला हा सौदा परवडतो.

बशीत काय आहे? मिसळ. मुंजाबाच्या बोळात बेडेकरांकडे जा, स्वातंत्र्यानंतरच्या काळातलं हे नाव. कोल्हापुरी माणूस इथली मिसळ पाहून हसतो. रश्शाला गोडसर झाक, खाली पोहे आणि बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा-कांदा, आणि सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड. हवा तसा रस्सा पुन्हा मागा. पुण्यात त्याला सॅम्पल म्हणतात. कोल्हापूरकरांनी हसावं. मिसळीनं घाम फोडलाच पाहिजे हा नियम कुणी केला? इथली मिसळ सकाळी खाऊन दुपारी पुन्हा खाता येते, हा तिचा गुण आहे. केळकर रस्त्यावर केसरीवाड्याच्या बाजूला प्रभा विश्रांतिगृह आहे, तिथे बटाटेवडा. १७९० मध्ये ज्याचा पत्ता नव्हता तो बटाटा आता पेठेचा मानकरी झाला आहे. याच १९५० सालात भिलवडीचे चितळे बंधू पुण्यात दुकान थाटतायत. बाकरवडीला अजून वेळ आहे, आणि दुपारी एक ते चार जाऊ नका हे काय तुम्हाला सांगायला हवं?

१२ जुलै १९६१ ला मी तुम्हाला नेलं नसतं, पण नारायण पेठेत आलात आणि तो दिवस टाळलात तर पेठ कळणार नाही. सकाळी पानशेत फुटलं आहे. नदीकाठच्या बोळांतून पाणी चढतंय, लाकडी पूल बुडाला, डेक्कनची बाजू तुटली. दुपारनंतर खडकवासलाही गेलं. तुम्ही वरच्या अंगाला पळालात. मागे मातीच्या भिंतींचे वाडे बसतायत, आणि त्यांच्याबरोबर मडक्यांची उतरंड, कणगीतलं धान्य, वर्षभराचं लोणचं. पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल आणि कुजलेल्या धान्याचा वास. नळ कोरडे, वीज नाही. ज्या आडांवर लोकांनी केव्हाच फळ्या टाकल्या होत्या ते पुन्हा उघडले, रहाट पुन्हा करकरले. शाळांत उतरलेल्या माणसांना पूर्वेकडच्या पेठांतून भाकऱ्या येतात. तुमच्या हातात भाकरी-पिठलं पडतं. कुणाच्या घरची, कुठल्या चुलीवरची, विचारायची शुद्ध कुणाला नसते.

बरेच वाडे त्यानंतर उभे राहिले नाहीत; त्यांच्या जागी पुढे इमारती आल्या. तुम्हीही आता आजच्या सालात या. बोळ तोच, पण वर लोखंडी जिने, प्रत्येक मजल्यावर अभ्यासिकेची पाटी, खाली दुचाक्या लावायला जागा नाही. सदाशिव आणि नारायण पेठ आता स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींची आहे. लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, यवतमाळ, सगळा महाराष्ट्र एका कॉटच्या भाड्यात इथे मावला आहे. मिसळ त्यांना महिन्यातून एकदा परवडते. त्यांचं खरं जेवण मेसमध्ये: स्टीलचं कप्प्यांचं ताट, दोन भाज्या, तीन पोळ्या, वरण-भात. मुलीही इथे मुलांशेजारी बसून जेवतात, पुढ्यात राज्यघटनेचं पुस्तक उघडं. पंधरावं कलम त्यांना पाठ असतं. उपाहारगृहं हा शब्द त्यात आहे म्हणून नव्हे, प्रश्न येतो म्हणून.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि या मेस एका रात्रीत बंद पडल्या. कॉटवरची पोरं अडकली. तेव्हा पुन्हा घराघरांतून आणि संस्थांकडून डबे निघाले. यावेळी डबा देताना कुणी वाराची अट घातली नाही. काही घरमालकांनी मात्र खालच्या नळाला कुलूप लावलं, तेही लक्षात ठेवायला हवं.

आज रविवार आहे, तेव्हा दुपारचा मुहूर्त साधा. मेसला रविवारी दुपारी फीस्ट असतं: पुरी, मसालेभात, गुलाबजाम किंवा श्रीखंड, आणि मठ्ठा. बारा वाजताच रांग लागते, तुम्ही साडेअकराला जा. दारात बसलेल्या काकू तुमच्याकडे न बघता विचारतील, "मेंबर की गेस्ट?" गेस्ट म्हणा, पैसे आधी द्या, सुटे द्या. श्रीखंडाची वाटी एकदाच मिळते, पुऱ्या मागाल तितक्या. भरपूर खा, कारण रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, आणि नऊनंतर या पेठेत नुसत्या चहावर झोपायची पाळी येते.